पोरी, शिडीवरून खाली उतर

"ए पोरी, खाली उतर."

मी शिडीच्या वरच्या पायरीवर होते. दातांत स्क्रू, एका हातात होल्डर, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर. डोक्यावर छताला पाडलेलं भोक आणि त्यातून लोंबणाऱ्या वायरी. खाली शेवगावातल्या त्या नव्या बंगल्याचं देवघर. सगळं पांढरं संगमरवर. देव अजून आले नव्हते. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती, तेव्हा येणार होते. तोवर नुसतं रिकामं मखर होतं आणि फरशी पुसायच्या औषधाचा वास.

दारात मालकाची आई उभी. सगळे तिला आक्का म्हणायचे. मीपण म्हणायचे. काम सुरू झाल्यापासून तिनं मला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"उतर म्हनलं ना."

मला वाटलं, दिव्याचा उजेड पसंत नसेल. पिवळा हवा असेल. मी दातांतले स्क्रू काढले. "काय झालं आक्का?"

"तुला अडचन हाय का?"

मला कळलं. कुठल्याही बाईला कळतं. पण न कळल्यासारखं केलं. म्हटलं, "नाही आक्का, शिडी नीट बसलीय."

"शिडीचं न्हाई इचारत. तुजं इचारते. बाहेरची हायेस का तू? उद्या देव बसायचेत हितं."

हॉलमध्ये सुतार ड्रिल मारत होता. ड्रिल थांबलं. रंगाऱ्याचा ब्रश भिंतीवरच राहिला. जिन्याला पॉलिश करणारे दोघे मान वर करून बघायला लागले. इतके दिवस या सगळ्यांबरोबर मी एकाच घरात काम केलं होतं. कोणी कोणाकडे नीट बघत नव्हतं, प्रत्येकाला आपलं काम. त्या क्षणी सगळे माझ्याकडे बघत होते. तोंडाकडे नाही.

आमचा ठेकेदार बाहेर फोनवर बोलत होता, तो आत आला. आम्ही त्याला शेठ म्हणायचो. आक्कानं त्याच्यासमोर तोच प्रश्न परत विचारला, आणखी मोठ्यानं. शेठ हसला. मला म्हणाला, "सांगून टाक की. हो तर हो, नाही तर नाही. त्यात काय एवढं."

त्यात काय एवढं.

मी काहीच बोलले नाही. आक्का म्हणाली, "गप बसली म्हंजी हाय. चल, उतर."

मी उतरले. शिडीच्या त्या चार पायऱ्या उतरताना सुतारानं पुढं होऊन शिडी धरली. त्यानं भल्यासाठीच धरली असेल. पण मला तोही नको होता.

मग आक्कानं बाटलीतून गोमूत्र आणलं. शिडीवर शिंपडलं. मी उभी होते त्या फरशीवर शिंपडलं. माझी पक्कड खाली पडली होती, ती आक्कानं जुन्या वर्तमानपत्रात धरून उचलली आणि पोर्चमध्ये नेऊन टाकली. मेलेला उंदीर टाकतात तशी. मग शेठनं सोमाला हाक मारली. सोमा माझ्यानंतर कामाला लागला होता, बोर्ड भरायला मीच त्याला शिकवलं होतं. तो नुकताच मागच्या बाजूनं संडासला जाऊन आला होता. त्याच चपला घालून तो शिडीवर चढला. त्याला कोणी काही विचारलं नाही. त्यानं होल्डर बसवला, दिवा लागला. आक्कानं त्या दिव्याला हात जोडले.

मीटरपासून देवघरापर्यंतची वायर मी ओढली होती. भिंतीत होती, म्हणून कोणाला दिसली नाही.

त्या दिवशी मला पाळी होती की नव्हती? हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. पडला असेल तर तुम्हीही त्या हॉलमध्ये उभे होतात, असं समजा. मी तिथं सांगितलं नाही. इथंही सांगणार नाही.

मी पोर्चच्या पायरीवर बसले. थोड्या वेळानं घरातली सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. इंजिनिअर होती ती. पुण्याला नोकरी केलेली, लग्नानंतर सोडलेली. माझ्या शेजारी वाकून हळूच म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस. मलाही विचारतात. मी सरळ नाही म्हणून सांगते आणि मोकळी होते. तूही तसंच करायचंस ना."

आक्कापेक्षा मला तिचा जास्त राग आला. आक्का निदान मोठ्यानं बोलली होती. ही शिकलेली बाई मला खोटं बोलायचं शिकवत होती, आणि त्यालाच सुटका म्हणत होती. मी तिचं पाणी प्याले नाही. तसंही साईटवर मी पाणी पीतच नव्हते. त्या बंगल्यात प्रत्येक खोलीला संडास होता. प्रत्येक संडासात दिवा, पंखा, गीझरचा पॉइंट मी काढला होता. पण त्यातला एकही आम्हाला उघडा नव्हता. पुरुष मागं कंपाउंडच्या भिंतीला जायचे. मी कुठं जायचं? मागच्या कपाशीच्या रानात. तेही कपाशी उंच झाल्यावर. त्याआधी सकाळी घरून निघाले की संध्याकाळी घरीच. त्यानं पोटात दुखायचं, लघवीला जळजळ व्हायची. हे शेठला कधी दिसलं नाही. आणि त्या एका दिवशी माझ्या अंगात काय चाललंय याची सगळ्या घराला काळजी.

मी या धंद्यात कशी आले, ते सांगते.

माझं गाव शेवगाव तालुक्याच्या दक्षिणेला, पाथर्डीच्या बाजूला. जमीन आहे, पण आभाळाकडं बघणारी. दिवाळी झाली की गाव रिकामं व्हायचं. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. नवराबायकोच्या जोडीला तिकडं माणसं म्हणत नाहीत, एक कोयता म्हणतात. मी लहान होते तोवर मला बरोबर न्यायचे. कारखान्याच्या तळावर आमच्या कोप्या. पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या. कोपीत रॉकेलची चिमणी. आणि समोर कारखाना नुसता लखलख. आमच्या डोक्यावरून जाड तारा जायच्या आणि खाली आम्ही अंधारात भाकरी थापायचो. मी एकदा वडिलांना विचारलं, "दादा, ही लाईट आपल्याला खाली का घेता येत नाही?" ते म्हणाले, "ती आपली न्हाई." बस, तेवढंच. मला ते कधी पटलं नाही.

पुढं मला शाळेसाठी गावात चुलतीकडं ठेवलं. दहावी झाले. आयटीआयला अर्ज भरायला गेले, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "मुलींना शिवणकाम आहे, ब्युटी पार्लर आहे. इलेक्ट्रिशियनला कशाला? खांबावर चढणार का?" मी म्हटलं, "चढेन." तो हसला. मागच्या रांगेतली पोरं हसली. मी त्यावर टिकून राहिले म्हणून मला प्रवेश मिळाला, नाही तर आज कुठंतरी ब्लाऊज शिवत बसले असते. शिवणकाम वाईट नाही. पण ते माझ्यावर ढकललेलं असतं.

वर्गात मी एकटी मुलगी. प्रॅक्टिकलला पोरं मोटर खोलायची, मी पाने हातात द्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पहिले काही महिने तसंच चाललं. मग मी सगळ्यांच्या आधी जाऊन मोटर खोलून बसायला लागले. पास झाले. पोरांना सुप्याच्या, चाकणच्या कंपन्यांनी शिकाऊ म्हणून नेलं, वर्षभर राबवून घेतलं आणि सोडून दिलं. मलाही एका कंपनीनं नेलं. पण पॅनेल जोडायला नाही, डबे पॅक करायला. सर्टिफिकेटवर वीजतंत्री लिहिलेलं आणि हातात चिकटपट्टी. सोडून आले.

शेवगावच्या शेठनं मला कामावर घेतलं, त्याला त्याचं कारण होतं. दुपारी घरात बायका एकट्या असतात. पंखा बिघडला, बोर्डातून ठिणगी उडाली, तरी परक्या पुरुषाला आत घेत नाहीत. मला पाठवलं की दार उघडतं. मी बाई असल्याचा त्याला असा फायदा. पण गिऱ्हाइकापुढं ओळख करून देताना म्हणायचा, "ही आपली हेल्पर." सोमा मिस्त्री आणि मी हेल्पर.

आणि तरी मला ते काम आवडायचं. हे लिहिलं पाहिजे. वायरीसाठी भिंतीत झिरी मारताना नाकातोंडात सिमेंट जातं, हात सोलवटतात, ना हातमोजे ना कमरेला पट्टा, पडलो तर आपलं आपण. पण सगळ्या वायरी जोडून मेन स्विच वर केला आणि आख्खं घर एकदम उजळलं, की छातीत काहीतरी भरून यायचं. ते कोणी दिलेलं नव्हतं. माझं होतं. देवघराच्या त्या दुपारी आक्कानं नेमकं त्यालाच हात घातला.

त्या संध्याकाळी घरी गेले. आई चुलीपुढं होती. वडील गेल्यापासून ती तोडीला जात नव्हती, गावातच रोजानं खुरपायला जायची. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल, आक्काला शिव्या घालेल. नाही तर म्हणेल, सोड ती कामं. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. भाकरी उलटली आणि म्हणाली, "मला बी मुकादम इचारायचा."

मी म्हटलं, "काय?"

"हेच. अडचन हाय का म्हनून. फडात. समद्या गड्यांच्या देखत. चार दिस पोटात लई दुखायचं, मोळी उचलायची न्हाई. मंग त्यो म्हनायचा, बायांची नाटकं हायेत, खाडा धरीन. तुजा बाप मान खाली घालून उभा ऱ्हायचा."

"मग?"

"मंग काय? पिशवी काढली."

तिच्या ऑपरेशनचं मला माहीत होतं. मी तेव्हा शाळेत होते. जीपमधून तिला उतरवली होती, चेहरा राखेसारखा. मला सांगितलं होतं, आईच्या पोटात गाठ होती. मी इतकी वर्षं तेच धरून होते.

"गाठ नव्हती?"

"डाक्टर म्हनला, पिशवी खराब झालीया, पुढं कॅन्सर हुईल. मुकादमच घिऊन गेल्ता तेच्याकडं. आमच्या तळावरच्या लई बायांच्या खराब निघाल्या. सगळ्यांच्याच कशा निघाल्या, देवाला ठावं." तिनं भाकरी ताटात टाकली. "त्याच हंगामात परत फडात गेल्ते. मोळी उचलली की खालून समदं ओढल्यावानी व्हायचं. पन मुकादम परत कदी इचारला न्हाई. इचारायला काय ऱ्हायलंच न्हाई."

ती रडत नव्हती. मी रडत नव्हते. चुलीत लाकूड तडतडत होतं. आईचं वय तेव्हा किती होतं, ते मी मनात मोजायला लागले. आज माझं जेवढं आहे, त्याहून फार जास्त नव्हतं.

मला त्या रात्री कळलं की आक्का आणि मुकादम वेगळी माणसं नाहीत. एकीला देव बाटू द्यायचा नव्हता, दुसऱ्याला ऊस थांबू द्यायचा नव्हता. दोघांनाही आमच्या अंगाचा हिशेब पाहिजे होता. तो द्यायला आम्ही नाही म्हणू शकतो, हे माझ्या आईला कोणी सांगितलं नाही. मलाही सांगितलं नाही. आयटीआयत नाही, शाळेत नाही.

तरी मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले. काय करणार? शेठनं दुकानात सगळ्यांपुढं, सोमा होता, आणखी दोघे होते, मला बोलावलं. आवाज अगदी समजूतदार. म्हणाला, "हे बघ, कालच्यासारखं नको व्हायला. तू असं कर, दर महिन्याला तुझे ते दिवस आले की मला आधी सांगत जा. मग मी तुला देवघराच्या, मंदिराच्या साईटवर लावणार नाही. तुझीच अब्रू वाचेल. मी काय परका आहे का? तुझ्या मोठ्या भावासारखा आहे."

सोमा खाली बघून वायरीचं बंडल सोडवत होता. सुटलेलंच होतं ते.

मी म्हटलं, "शेठ, तुम्हाला मूळव्याध आहे ना?"

"काय?"

"रक्त पडतं का? किती दिवस पडतं? ते मला सांगत जा. मग तुमच्या हातचा प्रसाद घ्यायचा की नाही ते मी ठरवीन."

शेठचं तोंड लालभडक. "जीभ सांभाळ. घरी बसवीन."

"तुम्ही कशाला बसवता? मीच जाते. माझ्या अंगाचं मी कोणाला सांगणार नाही. तुम्हाला नाही, कोणालाच नाही."

माझी पिशवी उचलली, पक्कड, टेस्टर, टेप त्यात टाकली आणि बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर भराभर चालायला लागले. भीतीनं. शूर वगैरे काही वाटत नव्हतं. उद्या काय, हेच डोक्यात.

शेठ गप्प बसला नाही. तालुक्याचं गाव, सगळे इलेक्ट्रिकवाले एकाच चहाच्या टपरीवर बसणारे. त्यानं सांगितलं, ती पोरगी विटाळात देवघरात चढली, उलट बोलते, घाण बोलते. घाण मी बोलले होते! चांगल्या घरांची दारं बंद झाली. दुकानदार मला सामान द्यायचे, पण बोलायचे नाहीत. एकानं तर माझ्या हातात वायर न देता काउंटरवर ठेवली.

मग मी जिथं दार उघडं होतं तिथं गेले. वस्त्यांवर गेले, मोहल्ल्यात गेले. एकट्या राहणाऱ्या नर्सबाई, विधवा म्हातारी, नवऱ्यानं सोडलेली शिक्षिका. कोणाचा पंखा, कोणाची मोटर, कोणाचा बोर्ड. त्यांनी मला एकच विचारलं, कधी येशील? एवढंच पाहिजे होतं मला. तेवढं मिळायला किती फिरले.

असे बरेच महिने गेले. हिवाळा आला. एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन. त्या बंगल्यातली सून. आवाज घाबरलेला.

"गीझर लावला की नळाला झिणझिण्या येतात. आज पिल्लूला आंघोळ घालताना मला जोरात शॉक बसला. तो मांडीवर होता. शेठ फोन उचलत नाहीयेत. तू येशील का?"

तिचं पिल्लू मी पाहिलं होतं. रांगतं होतं. मी म्हटलं, "आधी मेन बंद करा. कोणी कशाला हात लावू नका. मी येते. पण एक ऐका. दारात मला कोणी काही विचारलं, तर मी दुरुस्ती करणार नाही."

ती म्हणाली, "आक्का विचारतीलच गं. तू नाही म्हण ना एकदा. माझ्यासाठी."

"मी काहीच म्हणणार नाही. त्यांना सांगा, विचारू नका म्हणून."

"सांगते," ती म्हणाली.

मी गेले. दिवेलागणीची वेळ. बंगला सगळा उजळलेला. मेन बंद करायचं धाडस तिच्यानं झालं नव्हतं. घरात अंधार कोणी केला म्हणून कोण ऐकून घेणार? देवघराच्या खिडकीतून पिवळा उजेड अंगणात पडला होता. फाटकाशी आक्का. तिच्यामागं मालक, पायजमा आणि स्वेटर. त्यांच्याही मागं दारात सून, कडेवर पोर.

आक्कानं फाटकाची कडी काढली नाही. वरून खालपर्यंत बघितलं. "आलीस? बरं केलं. पन आदी सांग, हायेस का न्हाई? सैपाकघरातनं जावं लागतं न्हानीकडं."

मी सुनेकडं बघितलं. तिनं मान हलवली. नाही म्हण, अशी. डोळ्यांनी विनवत होती.

त्या घराची मीटरपेटी फाटकाबाहेरच्या भिंतीत आहे. मीच बसवली होती. मी पेटीचं दार उघडलं आणि मेन खाली ओढला.

आख्खा बंगला गप झाला. फ्रीज, टीव्ही, बोअरची मोटर, सगळं. देवघरातला उजेड गेला. अंगणात कोणाचं तोंड कोणाला दिसेना. पोर रडायला लागलं.

मालक ओरडला. "ए! काय केलंस हे? कुणाच्या घरात उभी आहेस, कळतंय का तुला?"

मी म्हटलं, "कळतंय. म्हणूनच बाहेर उभी आहे. आता घरात कोणाला शॉक बसणार नाही. पोराला धोका नाही. गीझरची लाईन आणि अर्थिंग तपासल्याशिवाय मेन वर करू नका. तपासायला दुसरं कोणी बोलवा. मी करणार नाही."

"अगं पण का?"

"तुमच्या आईनं विचारलं म्हणून."

आक्का अंधारातून म्हणाली, "लई माज आलाय. देवापुढं अंधार केला रांडेनं."

मी ऐकलं. सगळं ऐकलं. मला वाटलं होतं, निदान आता ती सून एक शब्द बोलेल. मलाही विचारता, मीही खोटं सांगते, एवढं तरी. तिच्याच मांडीवर पोर होतं, शॉक तिलाच बसला होता. ती काही बोलली नाही. आत गेली आणि मोबाईलची बॅटरी लावून मेणबत्ती शोधायला लागली. खिडकीतून तिचा हात दिसत होता. मी चालू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाथर्डीचा माणूस आणून काम करून घेतलं, असं कानावर आलं. बरं झालं. मला त्यांचं वाईट करायचं नव्हतं. मला फक्त त्या फाटकातून त्या अटीवर आत जायचं नव्हतं.

ही गोष्ट गावात माझ्या आधी पोचली. आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप नवा झाला होता, यात्रा तोंडावर होती. लाईटचं काम घेतलेला माणूस अर्धं टाकून गेला होता. एका सकाळी देवस्थान समितीचे तिघे आमच्या अंगणात आले. मी आत बूट घालत होते. मला न बोलावता ते आईशी बोलायला लागले. त्यातले मोठे म्हणाले, "वैनी, गावची लेक हाय. काम तिलाच द्यावं असं ठरलंय. पन तिचा सोभाव जरा वंगाळ हाय. आमी इचारलं तर भडकंल. तुमी आई हायेत. तुमी तिला इचारून पाठवत जा. तुमी व्हय म्हनलं की आमची काय ना न्हाई."

मी दारात येऊन उभी राहिले. माझी आई आयुष्यात कोणा पुरुषाला उलट बोललेली मी पाहिली नव्हती. मुकादमाला नाही, डॉक्टरला नाही, वडिलांना नाही. ती पदर सारखा करत उभी राहिली. मला वाटलं, व्हय म्हणेल. काम मिळतंय, तेही गावात, तेही देवाचं.

ती म्हणाली, "मी न्हाई इचारनार."

"अवो पन वैनी, देवाचं काम हाय."

"आसंल. मला जन्मभर इचारलं. पोटातली पिशवी गेली तवा इचारायचे थांबले. माज्या लेकीला मी न्हाई इचारनार. आन् माज्या दारात तुमी बी इचारायचं न्हाई. चहा घ्यायचा आसंल तर बसा."

ते बसले नाहीत. काम बाहेरच्या माणसाला दिलं. यात्रेत सभामंडप झगमगला, माळा सोडल्या, आकाशपाळणा आला. आमच्या घरी प्रसाद आला नाही. आईला भजनाला बोलवायचं बायकांनी सोडलं. विहिरीवर तिच्याशी बोलताना बाया इकडंतिकडं बघून बोलतात. एक चुलती सोडली तर भावकी येत नाही. हे अजून चालू आहे. यातून काही चांगलं निघालं, गाव सुधारलं, आक्काचं मन पालटलं, असलं काही मी लिहिणार नाही. झालं नाही.

झालं ते एवढंच. मी वायरमनचा परवाना काढला. शेवगावात बसस्टँडच्या मागं एक पत्र्याचं दुकान भाड्यानं घेतलं. पाटीवर माझं नाव आणि खाली 'वायरमन'. पाटी रंगवणारा म्हणाला, "ताई, वायरमन कसं लिहू? तुम्ही तर बाई." मी म्हटलं, "लिही. धंद्याचं नाव आहे ते." चहाच्या त्या टपरीवरून रोज जाताना अजून टोमणे येतात. येऊ देत.

आता फोन आला की मी पहिल्यांदा विचारते, काम काय आहे? आणि मग सांगते, दारात माझी जात, माझं लग्न, माझी पाळी, काहीही विचारलंत तर मी तिथून परत फिरेन, आणि घरात धोका असेल तर मेन पाडून फिरेन. काहीजण फोन ठेवतात. ठेवा. बाकीच्यांकडं मी जाते. देवघर असो, मठ असो, दर्गा असो, शिडी लावते आणि चढते. खालून कोणी उतर म्हटलं तर हातातलं काम पुरं करूनच उतरते, आणि मग त्या माणसाच्या डोळ्यांत बघून पक्कड खिशात घालते. ज्याचा देव माझ्या हातानं बाटतो, त्यानं आपल्या देवाला घेऊन अंधारात बसावं. उजेड पाहिजे असेल तर मी आहे तशी आत येणार.